घरी ‘दाखल’ पेशंट सांभाळणाऱ्या टीमचा सराव: डमीआधी खोली आणि फोन

तुम्ही लिहिलंय की नाशिकमधलं तुमचं पन्नास खाटांचं हॉस्पिटल आता निवडक पेशंटना घरीच दाखल करून घेणार आहे. शिरेतून अँटिबायोटिक, ऑक्सिजन, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन), ट्रॅकिऑस्टॉमीची (गळ्यातल्या छिद्रात बसवलेल्या श्वासाच्या नळीची) निगा, सगळं घरी. टीममध्ये सहा सिस्टर-ब्रदर, दोन आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि एक फिजिओ, आणि सगळे वॉर्डात-आयसीयूत मुरलेले. सिम्युलेशनसाठी, म्हणजे बनवलेल्या प्रसंगांवरच्या सरावासाठी, पैसे मंजूर झालेत. तेव्हा श्वास घेणारा, नाडी लागणारा महागडा डमी घ्यावा का आणि दोन दिवसांचं वर्कशॉप पुरेल का, असं तुम्ही विचारलंय.

डमी आत्ता घेऊ नका. दोन दिवसांच्या वर्कशॉपऐवजी दर पंधरा दिवसांनी दीड तास काढा. आता कारणं सांगते.

तुमची माणसं अनुभवी आहेत. कॅन्युला (शिरेतली नळी) लावणं, सक्शन करणं (कफ ओढून काढणं) त्यांना शिकवायची गरज नाही. पण वॉर्डात सिस्टर कधीच एकटी नसते. हाक मारली की दुसरी येते, तातडीच्या औषध-उपकरणांची गाडी, क्रॅश कार्ट, दहा पावलांवर असते, ऑक्सिजन भिंतीतून येतो, वीज गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो आणि आरएमओ पेशंटचा चेहरा बघून निर्णय घेतात. वॉर्डातली बरीचशी सुरक्षितता अशी इमारतीतच असते. जुन्या माणसांना तिची इतकी सवय झालेली असते की घरी गेल्यावर काय काय नाहीसं झालंय ते त्यांच्या पटकन ध्यानात येत नाही. म्हणून सराव हवा तो या परिस्थितीचा: अनोळखी घर, एकटी सिस्टर, फोनवरचे डॉक्टर आणि मदत येईपर्यंतचा वेळ.

हा वेळ किती, ते तुमच्यावर अवलंबून आहे आणि बाकीचं नियोजन त्यावरून ठरतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात पेशंटना घरीच दाखल करण्याचे प्रयोग सुरू केले. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने हॉस्पिटलांना कोविडकाळात तशी खास मुभा दिली. त्या मुभेत दिवसातून किमान दोन प्रत्यक्ष भेटी आणि गरज पडल्यास ३० मिनिटांत घरी आपत्कालीन मदत अशा अटी आहेत. तुमच्यासाठी हा आकडा किती खरा ठरेल, ते मोजून बघा. गंगापूर रोडवरचा पेशंट आणि सिन्नरजवळच्या वस्तीवरचा पेशंट यांच्यासाठी सराव एकच असू शकत नाही. पहिल्याच्या बाबतीत सिस्टरला दहा-पंधरा मिनिटं एकटीने निभवायची आहेत, दुसऱ्याच्या बाबतीत कदाचित पाऊण तास. त्यामुळे आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणत्या आजारांचे पेशंट घेणार, किती किलोमीटरच्या आत, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार. यातली एक जरी ठरलेली नसेल तर सराव घेण्यात अर्थ नाही, कारण प्रसंग कशावर बेतायचा तेच कळणार नाही.

आता पैशांचं. सीपीआरसाठी, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देण्यासाठी, दाब किती खोल गेला ते दाखवणारा अर्धा डमी, कॅन्युलासाठी प्लास्टिकचा हात आणि ट्रॅकिऑस्टॉमीसाठी मानेचं साधं मॉडेल एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. उरलेल्या पैशांत एक खोली घर म्हणून सजवा, दहा बाय दहाची. भिंतीला टेकवलेला पलंग, दुसऱ्या बाजूला जेमतेम दोन फूट जागा, कोपऱ्यात कपाट, एकच चालू सॉकेट, आवाज चढवलेला टीव्ही, देव्हाऱ्यात निरंजन. निरंजन बॅटरीवरचं ठेवा, पण ठेवाच. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत दिवा किंवा उदबत्ती जळतेय, हे आत पाऊल टाकताना दिसलं पाहिजे. ‘आजी, आज हा दिवा बाहेरच्या खोलीत लावूया’ हे न दुखावता सांगणं हाही सरावाचाच भाग आहे. पेशंट म्हणून डमीपेक्षा जिवंत माणूस बरा. ऑफिसमधलं कोणी, निवृत्त सिस्टर, नाटकात काम करणारं कोणी चालेल. त्याच्या अंगावर खरी प्रक्रिया मात्र करायची नाही. कॅन्युला प्लास्टिकच्या हाताला, इंजेक्शन फोमच्या तुकड्याला. मॉनिटरचा खर्चही नको. सिस्टरने खरोखर तपासलं की मगच सराव घेणाऱ्याने त्या आकड्याचं कार्ड दाखवायचं. बीपीचा पट्टा न बांधता बीपी विचारलं तर आकडा द्यायचा नाही.

एक प्रसंग जवळून दाखवते, म्हणजे बांधणी कळेल.

सत्तरीचे आजोबा, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार), घरी दाखल होऊन तिसरा दिवस. ऑक्सिजन मिनिटाला २ लिटर, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचं असं फाइलवर लिहिलंय. सिस्टर सकाळच्या भेटीला येते. मुलगा दारातच खुशीत सांगतो, ‘रात्री ८७ दाखवत होतं, म्हणून मी पाचवर केला. आता बघा, ९८!’ आजोबा शांत पडलेत. नाव विचारलं तर सांगतात, पण वाक्याच्या मध्येच डोळे मिटतात. कार्डांवर आकडे असे: सॅच्युरेशन ९८, नाडी ९६, बीपी १३८/८०, ताप नाही. श्वासाचा आकडा मात्र कार्डावर नाही. तो मोजावा लागतो. पेशंट झालेला माणूस मिनिटाला १० श्वास घेतोय, पूर्ण मिनिट मोजलं तरच कळेल. हात पुढे करायला सांगितले तर त्याने पंजे फडफडवायचे, पण सांगितले तरच.

इथे चूक कुठे होते? ९८ बघून सगळ्यांनाच बरं वाटतं. वॉर्डात तो आकडा चांगला असतो, त्यामुळे हात आपोआप पुढच्या कामाकडे वळतो. पण अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांची नेहमीची जुळणी बिघडते, रक्ताची कार्बन डायऑक्साइड वाहून नेण्याची क्षमता घटते, श्वासही मंदावू शकतो. परिणामी कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पेशंट गुंगीत जातो. पेशंट किती बिघडलाय ते गुणांत मोजणाऱ्या न्यूज-टू तक्त्यात सॅच्युरेशनला दोन मोजपट्ट्या आहेत. ऑक्सिजनवर असताना ९८ आलं तर पहिल्या पट्टीवर शून्य गुण, दुसऱ्या पट्टीवर, म्हणजे ८८–९२ लक्ष्य ठेवलेल्या पेशंटसाठी, ३ गुण. चुकीची पट्टी धरली तर तक्ताच ‘सगळं ठीक’ म्हणतो. कोणत्या पेशंटला कोणती पट्टी, हे दाखल करतानाच डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं पाहिजे. तुमच्या फाइलमध्ये त्यासाठी जागा आहे का, ते या सरावात आपोआप कळेल.

दुसरी चूक याच्या उलट असते. सिस्टरच्या लक्षात येतं आणि घाबरून ती ऑक्सिजन पूर्ण बंद करते. तसं केलं तर सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली जाऊ शकतं. प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी करायचा, सॅच्युरेशनवर नजर ठेवत लक्ष्यात आणायचा. तो कमी करतानाच फोन लावायचा. आधी सगळं नीट करून मग फोन, असं नाही.

फोनचा सराव हाच या सगळ्याचा गाभा. डॉक्टरांना पेशंट दिसत नाही, त्यामुळे सिस्टरची पहिली काही वाक्यं म्हणजेच त्यांचे डोळे. अशी: ‘सर, मी पंचवटीतल्या सीओपीडीच्या आजोबांकडून बोलतेय, आज तिसरा दिवस. रात्रीपासून ऑक्सिजन दोनऐवजी पाचवर होता. आता गुंगीत आहेत, श्वास १०, सॅच्युरेशन ९८, पंजे फडफडतायत. मला कार्बन डायऑक्साइड साठल्यासारखं वाटतंय. ऑक्सिजन कमी करत आणलाय. बायपॅप लावू का, आणि अँब्युलन्स पाठवता का?’ कोण, काय झालं, आत्ता काय दिसतंय, मला काय वाटतं, काय हवं. शेवटच्या दोन गोष्टी आपल्याकडच्या सिस्टर हमखास गाळतात. डॉक्टरांपुढे ‘मला असं वाटतं’ म्हणायची त्यांना सवयच नसते. ते मोठ्याने म्हणून घ्या. डॉक्टरांनी दिलेली सूचना सिस्टरने परत म्हणून दाखवायची आणि डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हणायचं, हाही नियमच करा. फोनवर ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांत घोळ व्हायला वेळ लागत नाही.

सरावात फोन खरा असू द्या. आरएमओ दुसऱ्या मजल्यावर, आपल्या नेहमीच्या कामात. कधी त्यांनी पहिल्या वेळी उचलू नये, कधी खोलीत नेटवर्क नसावं. मग सिस्टर काय करते? पर्यायी नंबर तिला पाठ आहे की तो बंद पडलेल्या मोबाइलमध्येच आहे? आणि आरएमओंचंही मूल्यमापन तितक्याच काटेकोरपणे करा. त्यांनी आकडे विचारले का, मुलाशी बोलले का, ‘बघू थोडा वेळ’ म्हणाले तर किती वेळ आणि कशावर नजर ठेवायची ते सांगितलं का? बहुतेक ठिकाणी सिम्युलेशन नर्सिंगपुरतं ठेवतात आणि फोनच्या दुसऱ्या टोकाचा माणूस सुटतो. मग अर्धी टीम सरावाबाहेरच राहिली.

वीज जाण्याचा प्रसंग आपल्याकडे सक्तीचा समजा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) साधारण ३५० वॅट खातो. घरातली १२ व्होल्ट, १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात नवी असेल तर तीन-साडेतीन तास, जुनी असेल तर कितीतरी कमी. त्याहून मोठी गोम म्हणजे इन्व्हर्टरची लाइन बहुतेक घरांत पंखे-दिव्यांना असते, पलंगाजवळच्या त्या सॉकेटला नसतेच. हे पहिल्या भेटीत मेन स्विच पाडून तपासायचं असतं, नुसतं विचारून चालत नाही. पर्याय म्हणून छोटा बी-टाइप सिलिंडर ठेवला असेल तर भरलेल्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरने बारा तास, ५ लिटरने पाच तास. काटा अर्ध्यावर असेल तर २ लिटरने सहा तास, त्यातले दीड-दोन राखीव धरा. हे गणित सिस्टरला कॅल्क्युलेटरशिवाय आलं पाहिजे.

या प्रसंगात सिलिंडर खराच वापरा. त्याची चावी सापडत नाही, ही सर्वांत नेहमीची अडचण. चावी सिलिंडरलाच साखळीने बांधा. वॉशर फाटलेला असतो आणि जोडणीतून फुस्स आवाज येतो. कोणीतरी तो बसावा म्हणून तेल किंवा व्हॅसलीन लावायला जातं. ऑक्सिजनच्या जोडणीला तेलकट काहीही लावायचं नाही, पेट घेऊ शकतं. कॉन्सन्ट्रेटर चालू असूनही सॅच्युरेशन घसरत असेल तर ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीचं झाकण आट्यांवर तिरकं बसलंय का बघायचं. नळीचं टोक ग्लासभर पाण्यात धरा. बुडबुडे आले नाहीत तर ऑक्सिजन वाटेतच गळतोय. त्यानंतर टोक पुसून मगच नाकाला. साध्या गोष्टी आहेत, पण अंधारात, मोबाइलच्या टॉर्चवर, शेजारी घाबरलेली सून उभी असताना त्या सुचायला हव्यात.

अँटिबायोटिकची तीव्र अ‍ॅलर्जी फार घरांत होणार नाही, पण झाली तर दुसरी संधी मिळत नाही. पहिला डोस हॉस्पिटलमध्येच द्यावा, असं माझं ठाम मत आहे. तरी पुढच्या डोसलाही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. सरावात बघायचं ते हातात आधी काय येतं. सवयीने एव्हिल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) येतं, आधी द्यायचं ते अ‍ॅड्रेनॅलिन मागे राहतं. प्रौढांत अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधलं अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. औषध थांबवायचं, पेशंटला आडवं ठेवून पाय उंच, धाप असेल तर बसतं, पण उभं करून चालवायचं नाही. ‘बाथरूमला जाऊ दे’ म्हणाले तरी नाही. रिअ‍ॅक्शन ओळखल्यापासून इंजेक्शनपर्यंत दोन मिनिटं, असं लक्ष्य ठेवा आणि घड्याळ लावा. बॅग उघडून, अँप्युल फोडून, सुई जोडून हा वेळ पाळता आला नाही तर दोष बॅग भरण्याच्या पद्धतीत आहे. अ‍ॅड्रेनॅलिन, सिरिंज आणि सुई एकाच पारदर्शक पाकिटात, सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवा. आणि फोन न लागताही सिस्टरने ते द्यावं, असा डॉक्टरांच्या सहीचा लेखी आदेश फाइलमध्ये आधीच हवा. तो नसेल तर सिस्टर थांबणार, आणि तिची चूकही म्हणता येणार नाही.

सीपीआर पलंगावर होत नाही. गादी दबते, छाती नाही. चादरीसकट खाली जमिनीवर घ्यायचं, त्यासाठी एका नातेवाइकाला ‘तुम्ही पायाकडून धरा’ असं स्पष्ट सांगायचं. हवेची गादी असेल तर तिची हवा झटकन सोडणारा सीपीआर व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधीच माहीत हवं. मग मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर. अँब्युलन्सला पत्ता सांगण्याचाही सराव घ्या: विंग, मजला, खुणेची जागा, गेटवर कोण उभं राहणार. १०८ ला खरा फोन मात्र लावू नका, सहकाऱ्यालाच ‘१०८’ बनवा. सोसायटीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसतो का, हे पेशंट स्वीकारतानाच टेपने मोजून ठेवा. बऱ्याच ठिकाणी बसत नाही, मग खुर्चीवर उतरवायला चार माणसं लागतात. छातीवर दाब द्यायचाच नाही असं कुटुंबाने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलेलं असेल, तर तेही फाइलच्या पहिल्या पानावर, तोंडी निरोपावर नाही.

नातेवाइकांनाही सरावात घ्या, पण वेगळ्या पद्धतीने. त्यांची परीक्षा नको. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘रात्री अलार्म वाजला तर आधी काय कराल, करून दाखवा’ असं म्हणा. आधीच्या प्रसंगातला मुलगा दोषी नाही. त्याला आकडा वाढवायला शिकवलं होतं, थांबायला कोणीच शिकवलं नव्हतं. कोणती कळ फिरवायची आणि कोणती नाही, ते मशीनवर मराठीत चिकटपट्टी लावून लिहा.

आता डीब्रीफिंग, म्हणजे प्रसंगानंतरची चर्चा. वीस मिनिटांच्या प्रसंगाला तीस-चाळीस मिनिटं चर्चा द्या. वेळ कमी असेल तर प्रसंग छोटा करा, चर्चा नाही. सुरुवात सिस्टरने करायची. वरिष्ठ डॉक्टर आधी बोलले की पुढे सगळे मान डोलावतात आणि विषय संपतो. ‘का नाही बघितलंस?’ विचारू नका. ‘९८ दिसलं तेव्हा तुझ्या मनात काय आलं?’ विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस स्वतःचा बचाव करतो, दुसऱ्यातून त्याने विचार कसा केला ते कळतं आणि दुरुस्त करायचं असतं ते तेच. सुरू करण्याआधी स्पष्ट सांगा की इथलं काहीही अप्रेझलमध्ये जाणार नाही, आणि तो शब्द पाळा. एकदा जरी मोडलात तर पुढे लोक चुका लपवतील. सापडलेल्या त्रुटींची वही ठेवा: चावी नाही, नंबर चुकीचा, पाकीट खालच्या कप्प्यात. प्रत्येकीपुढे कोण दुरुस्त करणार आणि कधीपर्यंत. पुढच्या सत्राची पहिली पाच मिनिटं त्या वहीला.

एका बाबतीत अजिबात ढिलाई नको. सरावाची औषधं, सलाइन, रिकाम्या अँप्युल वेगळ्या रंगाच्या पेटीत, प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत ‘सरावासाठी’, आणि सत्र संपल्यावर मोजून कुलपात. २०१४ मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेलं, निर्जंतुक नसलेलं सलाइन खऱ्या पेशंटना चढवलं गेलं आणि अनेक जण आजारी पडले. भेटीची खरी बॅग सरावाला वापरायची असेल, आणि ती वापरावीच, तर आधी यादी, नंतर यादी, दोन जणांच्या सहीने. सुया मात्र खऱ्याच नियमाने: टोपण परत लावायचं नाही, थेट पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, आणि डबा घरी न ठेवता हॉस्पिटलमध्ये परत.

वेळापत्रकाचं कारणही सांगते. सीपीआरसारखं कौशल्य तीन-सहा महिन्यांत ढिलं पडतं, हे चांगलं ठाऊक आहे. वर्षातून दोन दिवस घेतले तर उरलेले महिने कोरडे जातात, शिवाय सहाही जणांना एकाच वेळी सोडणं तुम्हाला जमणार नाही. पंधरा दिवसांनी तिघांची एक तुकडी, एक प्रसंग. पहिले तीन महिने ऑक्सिजन, वीज, अ‍ॅलर्जी, सीपीआर, तुंबलेली ट्रॅकिऑस्टॉमी आणि शुगर उतरणं एवढेच प्रसंग आलटून-पालटून. ट्रॅकिऑस्टॉमीचे पेशंट पहिल्या वर्षी घेणार नसाल तर तो प्रसंग गाळा, घेणार असाल तर पलंगाजवळ त्याच मापाची आणि एक माप लहान अशा दोन जादा नळ्या असल्याशिवाय सराव सुरूच करू नका. मोजायचं ते थोडंच: दारातून आल्यापासून पहिल्या पूर्ण तपासणीपर्यंतचा वेळ, बिघाड ओळखल्यापासून फोनपर्यंतचा वेळ, फोन उचलेपर्यंतचा वेळ, सूचना परत म्हटली की नाही.

दोन-तीन सत्रं खोलीत झाली की एक सत्र खऱ्या घरी घ्या, कर्मचाऱ्यांपैकी कोणाच्या तरी, रात्री अकरानंतर, शेजाऱ्यांना आणि सोसायटीला आधी सांगून. वॉचमन गेट उघडायला किती वेळ लावतो, रात्री लिफ्ट बंद करतात का, ड्रायव्हरला विंग सापडते का, झोपेतून उठलेला आरएमओ पहिल्या मिनिटात काय विचारतो, हे दिवसा कधीच कळत नाही. त्या रात्रीचे वेळ लिहून काढा आणि मगच किती किलोमीटरपर्यंतचे पेशंट घ्यायचे ते पक्कं करा.